उर्दू-मराठी वेबपेजसाठी पाच उपयोगी कोड

अष्टमीसारख्या गावातले मूल घरी कोकणी बोलते, शाळेत उर्दू शिकते, बाजारात मराठीत व्यवहार करते आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरे टाइप करते. अशा मुला-मुलींपैकी काहीजण आता वेबपेज बनवायला शिकत आहेत. कोर्समध्ये त्यांना जे शिकवतात ते बहुतेक इंग्रजी मजकूर समोर ठेवून शिकवतात. उर्दू आणि मराठी एकाच पानावर आली की काय बिघडते आणि ते कसे सुधारायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण बिघडलेल्या पानाचा त्रास सगळ्या घराला होतो.

शाळेची नोटीस असो की आरोग्य शिबिराची माहिती, उर्दू मजकूर आपल्याकडे अजूनही बऱ्याचदा फोटो म्हणून येतो. याला कारण आहे. नस्तालीक लिपीत अक्षरे तिरकी उतरत जातात, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातानेच लिहिली गेली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक'मुळे ही लिपी यंत्रावर आली. १९९० च्या दशकात 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले आणि छपाई सोपी झाली. पण तो मजकूर जसाच्या तसा वेबवर जात नसे, म्हणून त्याचा फोटो टाकायची सवय पडली.

फोटोतला मजकूर मोठा केला की पुसट होतो, त्यातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही. दृष्टिहीन माणसाचा मोबाइल जो मजकूर वाचून दाखवतो, तो फोटोपाशी बहुधा अडखळतो. आज फोटोची गरज उरलेली नाही. युनिकोडमध्ये उर्दू आणि देवनागरी दोन्ही आहेत, आणि गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट मोफत मिळतो.

पुढे कोडमधली इंग्रजी अक्षरे देवनागरीत सुटी करून दिली आहेत. टाइप करताना ती छोट्या इंग्रजी अक्षरांत, मधल्या रेघा न देता लिहावीत. जिथे रेघही टाइप करायची आहे तिथे तसे सांगितले आहे.

१. भाषा सांगा. पानाच्या पहिल्या एच-टी-एम-एल टॅगमध्ये एल-ए-एन-जी = "एम-आर" लिहा, म्हणजे पान मराठी झाले. उर्दू परिच्छेदाच्या टॅगमध्ये तिथे "यू-आर" लिहा. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यावरून उच्चार निवडते. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतील तर याच खुणेवरून मराठी वळण येते.

२. दिशा सांगा. उर्दूच्या त्याच टॅगमध्ये डी-आय-आर = "आर-टी-एल" लिहा. काहीजण मजकूर नुसता उजवीकडे सरकवतात. तो उर्दूसारखा दिसतो, पण काही विरामचिन्हे भलत्याच टोकाला जाऊ शकतात.

३. नंबर आणि तारीख सांभाळा. ही चूक सर्वांत धोक्याची आहे. उर्दू वाक्यात फोन नंबर मध्ये जागा सोडून लिहिला, तर प्रत्येक गटातले आकडे बरोबर राहतात, पण गटांचा क्रम उलटतो. ५-१२ अशी तारीख १२-५ दिसू शकते. म्हणजे लसीकरण ५ डिसेंबरला आणि वाचणारा समजणार १२ मे! रुग्णवाहिकेच्या नंबरचे असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. उपाय छोटा आहे: नंबर किंवा तारीख एस-पी-ए-एन टॅगमध्ये ठेवा आणि त्याला डी-आय-आर = "एल-टी-आर" द्या. तारखेत महिन्याचे नाव अक्षरी लिहिणे त्याहून चांगले.

४. अक्षरांना जागा द्या. नस्तालीकला उंची लागते. सी-एस-एसमध्ये उर्दूसाठी 'लाइन-हाइट' २ किंवा २.२ ठेवा (या शब्दातली रेघ टाइप करायची), नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत मिसळतात. मराठीला सुमारे १.६ पुरते. चौकटीची उंची ठरावीक ठेवू नका, मजकूर कापला जातो. अक्षरांमधले अंतर वाढवणारा 'लेटर-स्पेसिंग' दोन्ही भाषांना वापरू नका. त्याने उर्दूची जोडणी तुटते आणि मराठीची शिरोरेषा फाटते.

५. फॉर्मची चौकट मोकळी ठेवा. प्रवेश अर्जात कोणी नाव उर्दूत लिहील, कोणी मराठीत. त्या चौकटीला डी-आय-आर = "ए-यू-टी-ओ" दिले की पहिल्या अक्षरावरून ब्राउझर दिशा स्वतः ठरवतो.

हे सगळे करून पाहायला इंटरनेटही लागत नाही. कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडमध्ये लिहा, फाइल यू-टी-एफ-८ मध्ये सेव्ह करा, नावाच्या शेवटी टिंब देऊन एच-टी-एम-एल लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडा. नस्तालीक फॉन्ट मात्र एकदा डाउनलोड करून ठेवावा लागेल. पान तयार झाले की ते घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर बघा. अक्षरे दुप्पट मोठी करा. दादी किंवा नानींना मोठ्याने वाचायला सांगा. त्या जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती हवी.

मुलगा किंवा मुलगी उर्दू शाळेत शिकली तर कॉम्प्युटरच्या क्षेत्रात मागे पडेल, ही भीती अनेक पालक बोलून दाखवतात. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. पण ज्याला उर्दू वाचता येत नाही त्याला पानावरची तारीख उलटली आहे, नुक्ता हरवला आहे, हे दिसतच नाही. ते दिसायला उर्दू यावी लागते, आणि तेच पान सरकारी कार्यालयात समजावून सांगायला मराठी यावी लागते. आपल्या मुलांकडे या दोन्ही भाषा आहेत. या सुट्टीत शाळेची किंवा मोहल्ल्याची एक फोटोतली नोटीस घ्या आणि तिचे खरे पान मुलांकडून बनवून घ्या.