संध्याकाळी पाय जड का होतात?

"ताई, दिवसभर दुकानात उभं राहिलं की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो." वस्तीत तपासणीला बसले की हे हमखास ऐकायला मिळते. रात्रपाळीचा वॉचमन दादा सांगतो, "दिवसा झोपच लागत नाही." दोघांनाही वाटते, आपलेच शरीर कमजोर. तसे नाही. ताईचे शरीर पृथ्वीच्या ओढीशी झुंजते, दादाचे तिच्या फिरण्याशी.

आधी ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण. सलाईनची बाटली उंच टांगतात, कारण पाणी खाली येते. रक्ताचेही तसेच. आपण उभे राहताच अर्धा लिटर किंवा अधिक रक्त खाली, पोट-पायांकडे उतरते. ते वर चढवायला शिरांत झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपासारखे दाब देतात. चाललो तर पंप चालतो. एका जागी खिळून राहिलो की मंदावतो. मग पाय सुजतात, शिरा फुगतात. म्हणून:

• कामात अधूनमधून टाचा वर-खाली करा, चार पावले चाला.
• घरी पाय उशांवर उंच ठेवून पंधरा मिनिटे पडा.
• वृद्धांनी आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. आधी बसावे, मग उभे राहावे.
• सूज सकाळीही उतरत नसेल, किंवा गरोदरपणात चेहरा-हात सुजले, तर डॉक्टरांना दाखवा.
• एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दम लागत असेल तर क्षणभरही थांबू नका.

आता फिरणे. पृथ्वीच्या २४ तासांच्या फेरीवर शरीराचे घड्याळ लावलेले आहे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होते, झोप येते. हे घड्याळ पेशींत कसे चालते, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. वर्षानुवर्षे रात्रपाळी केल्याने मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पाळीवरून आल्यावर खोलीत अंधार करा, नाहीतर डोळ्यांवर फडके बांधा. मोबाईल दूर ठेवा. मध्यरात्री जड जेवू नका. बीपी, साखर नियमित तपासा. घरच्यांनीही दादाची दुपारची झोप मोडू नये.

पृथ्वीची ओढ कुणाला चुकत नाही. पण दहा तास उभे राहण्याची सक्ती पृथ्वी करत नाही, मालक करतो. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. स्टूल मागणे म्हणजे आळस नव्हे. एकटीने मागायला भीती वाटते? चौघी मिळून मागा.