परसातील हॉप आणि घरगुती बिअर

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील केंट परगण्यात ऑगस्ट महिना सरू लागला की हॉपच्या सुगीस आरंभ होतो. पूर्वी या सुगीसाठी पूर्व लंडनमधील कष्टकरी कुटुंबे मुलाबाळांसह कित्येक आठवड्यांच्या मुक्कामाने येत आणि हाताने हॉप खुडत. १९५० नंतर खुडणीची यंत्रे सर्वत्र पसरली व पुढील काही वर्षांत ही प्रथा जवळजवळ संपुष्टात आली. तथापि हाताने हॉप खुडण्याचे काम समूळ नाहीसे झालेले नाही. आज ते घरामागच्या बागांत चालते. भिंतीलगत हॉपच्या एक-दोन वेली लावाव्यात, सप्टेंबरात त्यांचे शंकू खुडावेत आणि त्याच दिवशी ते बिअरच्या पातेल्यात घालावेत, असा छंद जोपासणारे लोक ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत.

या छंदास कायद्याने मोकळीक मिळाली ती १९६३ साली. तोपर्यंत घरी बिअर तयार करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. घरच्या उपयोगापुरती बिअर तेव्हापासून विनापरवाना करता येते. विकता मात्र येत नाही.

वरवर पाहता या कामात अवघड असे काही दिसत नाही. परंतु ताज्या हॉपमध्ये एक शास्त्रीय अडचण दडलेली आहे. त्याचा सुगंध टवटवीत असतो, पण त्याच्या कडवटपणाची शक्ती अज्ञात असते आणि खुडल्यानंतरचे त्याचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे असते. वर्षभर जोपासलेल्या वेलीचे पीक एका दुपारच्या दिरंगाईने वाया जाऊ शकते. ही अडचण कशी सुटते हे समजण्यासाठी प्रथम वेलीची व तिच्या शंकूची ओळख करून घेतली पाहिजे.

वेल आणि शंकू

हॉप ही भांगेच्या कुळातील बहुवर्षायू वेल होय. वनस्पतिशास्त्रात तिला ह्युम्युलस लुप्युलस असे नाव आहे. हिवाळ्यात तिचा जमिनीवरील भाग मरतो; जमिनीतील खोड मात्र जिवंत राहते आणि वसंतात त्यातून नवे कोंब फुटतात. अंगावरील आकडेवजा राठ केसांच्या साह्याने वेल आधाराभोवती वेटोळे घालीत पाच-सहा मीटरपर्यंत चढते. घरच्या बागेत एवढी उंची गैरसोयीची ठरते. यास्तव केंटमधील वाय कॉलेजच्या संशोधकांनी संकराने ठेंगणे वाण निर्माण केले. ‘फर्स्ट गोल्ड’ हा त्यांपैकी एक होय.

हॉपमध्ये नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. बिअरसाठी उपयोगी पडतात ते मादी वेलीचे शंकू. कागदी पोताच्या हिरव्या छदांनी हा शंकू बनलेला असतो. छद उलगडून त्याच्या बुडाशी पाहिले असता पिवळ्या भुकटीसारखे बारीक कण दिसतात. हे लुप्युलिनच्या ग्रंथींचे कण होत. हॉपचे सारे मोल या कणांत साठविलेले असते.

वेल फुलण्याचा काळ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांत ती वाढते व दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. केंटमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो. पुण्यास वर्षातील मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. आपल्याकडील मैदानी प्रदेशात ही वेल पुरेशी वाढण्यापूर्वीच फुलू पाहते व पीक तुटपुंजे येते, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. भारतात हॉपची शेती झाली ती हिमाचल प्रदेशातील लाहौलसारख्या उंच व थंड खोऱ्यांत.

एका ग्रंथीतील दोन द्रव्ये

लुप्युलिनमध्ये मुख्यतः दोन प्रकारची द्रव्ये असतात. पहिला प्रकार राळेसारख्या पदार्थांचा. त्यांतील आल्फा अम्ले बिअरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. परंतु तासभर उकळल्यास त्यांच्या रेणूंची रचना बदलते व त्यांचे समघटक, म्हणजे आयसो-आल्फा अम्ले, तयार होतात. ही नवी अम्ले चांगली विरघळतात व अतिशय कडू असतात. बिअर आंबविणाऱ्या अनेक जीवाणूंची वाढ ती रोखून धरतात. बाराव्या शतकात जर्मनीतील बिंगेनच्या हिल्डेगार्ड या विदुषीने हॉपमुळे पेये टिकतात अशी नोंद केली होती. तिचे रासायनिक स्पष्टीकरण हे असे आहे.

दुसरा प्रकार बाष्पनशील तेलांचा. मिर्सीन, ह्युम्युलीन, कॅरिओफिलीन ही त्यांतील काही नावे. हॉपचा सुगंध यांच्यामुळे येतो. ही तेले वाफेबरोबर झपाट्याने उडून जातात. मिर्सीन तर फारच चटकन उडते.

यातून एक पेच निर्माण होतो. कडवटपणा हवा असेल तर हॉप दीर्घकाळ उकळला पाहिजे आणि सुगंध हवा असेल तर तो उकळता कामा नये. म्हणून हॉप एकाच वेळी न घालता टप्प्याटप्प्याने घालतात.

वाळविण्याचा नफा-तोटा

नुकत्याच खुडलेल्या शंकूत सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग पाणी असते. खुडल्यावरही शंकूचा श्वसनव्यापार चालू राहतो व त्यातून उष्णता निर्माण होते. ढीग करून किंवा पोत्यात कोंबून ठेवल्यास आतले शंकू तापतात, तपकिरी पडतात व कुबट होतात. व्यापारी शेतकरी याच भीतीने हॉप तत्काळ भट्टीत वाळवितो. केंटमधील शंकूच्या आकाराच्या छपरांची जुनी ‘ओस्ट’ घरे या वाळवणीसाठीच बांधलेली होती. गरम हवेने पाण्याचे प्रमाण शेकडा १० च्या आसपास आणले म्हणजे हॉप महिनोन्‌महिने टिकतो.

परंतु वाळविताना काही बाष्पनशील तेल उडून जाते. कापलेल्या गवताची आठवण देणारा हिरवा गंधही लोपतो. ताज्या हॉपच्या बिअरचे वेगळेपण याच उडून जाणाऱ्या भागात असते.

मात्र वाळलेल्या हॉपचा एक मोठा गुण आहे. त्याची शक्ती प्रयोगशाळेत मोजून वेष्टनावर छापलेली असते. तिच्या आधारे हिशेब कसा होतो ते पाहू. २० लिटर बिअरमध्ये दर लिटरला ३० मिलिग्रॅम आयसो-आल्फा अम्ल हवे आहे. म्हणजे एकूण ६०० मिलिग्रॅम. तासभर उकळून साधारणतः चतुर्थांश आल्फा अम्लच उपयोगी पडते असे धरल्यास मुळात २,४०० मिलिग्रॅम लागेल. शेकडा ५ आल्फा अम्ल असलेला वाळका हॉप ४८ ग्रॅम घेतला की काम भागते. परसातील हॉपची शक्ती शेकडा ३ आहे की ६, हे घरी कळत नाही. तितक्याच सुक्या वजनाचा परसातला हॉप वापरल्यास कडवटपणा १८ ही पडेल किंवा ३६ ही. एक बिअर मिळमिळीत, तर दुसरी तिच्या दुप्पट कडू.

जाणते लोक यावर सोपा तोडगा काढतात. कडवटपणासाठी ते बाजारातील मोजमाप असलेला वाळका हॉप वापरतात आणि परसातील ताजा हॉप केवळ सुगंधासाठी राखून ठेवतात.

खुडणीच्या दिवसाचे काम

शंकू पिकला की नाही हे हाताने कळते. कच्चा शंकू ओलसर व लिबलिबीत लागतो. पिकलेला हलका, कागदासारखा खुळखुळणारा असतो व दाबून सोडल्यास पुन्हा फुलतो. आतील भुकटी गडद पिवळी झालेली असते.

मद्याचे मुख्य द्रव्य माल्ट होय. सातू भिजवून, मोड आणून व वाळवून ते बनवितात. सुमारे ४ किलो भरडलेले माल्ट ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे त्यातील एन्झाइमे पिष्टाची साखर करतात. हा गोड रस गाळून तासभर उकळावयाचा व उकळीच्या आरंभी वाळका हॉप घालावयाचा. रस उकळत असतानाच बागेत खुडणी करणे सर्वांत सोयीचे, कारण मग शंकू थांबून राहत नाहीत.

आंच बंद केल्यावर रस ८० अंशांपर्यंत निवू द्यावा. मग ४०० ग्रॅम ताजे शंकू विरळ कापडी पिशवीत घालून रसात वीसेक मिनिटे बुडवावेत. या तापमानास समघटक बनण्याची क्रिया मंदावते. म्हणून अज्ञात शक्तीच्या हॉपमुळे कडवटपणाचा हिशेब फारसा बिघडत नाही. हे ४०० ग्रॅम म्हणजे सुमारे ८० ते १०० ग्रॅम सुका हॉप होय. शंकूंबरोबर पाव ते तृतीयांश लिटर पाणी रसात येते, पण २० लिटरमध्ये ते जाणवत नाही. शंकू फार वेळ ठेवल्यास मात्र पालेभाजीसारखी चव उतरते.

यानंतर रस त्वरेने २० अंशांपर्यंत थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. येथून पुढे प्रत्येक भांडे निर्जंतुक असले पाहिजे. किण्वनास एक ते दोन आठवडे लागतात. हायड्रोमीटर या तरत्या काचनळीने विशिष्ट गुरुत्व मोजतात. ते १.०४५ पासून १.०११ पर्यंत उतरले म्हणजे मद्यार्क शेकडा साडेचारच्या सुमारास असतो. वाचन लागोपाठ दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरू नयेत. साखर शिल्लक असल्यास बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो व काच फुटून गंभीर इजा होते.

दोन इशारे आणखी दिले पाहिजेत. वापरून झालेला हॉप कुत्र्याच्या आवाक्यात टाकू नये. तो खाल्ल्याने कुत्र्याच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या चढते व प्राणही जाऊ शकतो. दुसरा इशारा कायद्याचा. आपल्या देशात मद्यविषयक कायदे राज्यांच्या अखत्यारीत आहेत. गुजरात व बिहारमध्ये दारूबंदी आहे आणि अन्यत्रही परवान्यावाचून मद्य तयार करणे सामान्यतः गुन्हा ठरतो. तेव्हा वरील विवेचनाकडे वाचकांनी एका परकीय गृहोद्योगाचे शास्त्र म्हणून पाहावे.

ताज्या हॉपची बिअर साठवून ठेवण्यासारखी नसते. तिचा गंध काही आठवड्यांतच ओसरू लागतो, म्हणून ती लवकर संपवितात. पुढची खुडणी वर्षाने येणार असते. दरम्यान वेल छाटून, मुळाशी खत घालून झाले की अनुभवी माणूस वहीत खुडणीची तारीख, शंकूंचे वजन व शंकू रसात ठेवल्याची मिनिटे टिपून ठेवतो. प्रयोगशाळा नसलेल्या घरी एकाच वेलीच्या अशा पाच-सहा वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे पुढील सप्टेंबरचा अंदाज बांधणे पुष्कळ सोपे जाते.