विमानाच्या पंखांतील रबरी पिशव्या

लहान खासगी विमानाचे पेट्रोल कोठे साठवलेले असते, असे विचारले तर पुष्कळांस उत्तर सुचत नाही. ते बहुधा पंखांत असते. अमेरिकेतील सेस्ना कंपनीच्या १८२ जातीच्या, १९७८ पर्यंतच्या विमानांत त्यासाठी पंखाच्या पोकळीत रबरी पिशवी टाचबटणांनी अडकवलेली असते. काही वर्षांनी रबर कडक होऊन चिरते. टाकी बरेच दिवस रिकामी राहिल्यास अधिकच लवकर. मग पंखाखाली निळसर डाग दिसू लागतो, कारण या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो.

पिशवी बदलणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. लहानशा झरोक्यातून जुनी पिशवी ओढून काढायची, पोकळी स्वच्छ पुसायची, पत्र्याच्या धारदार कडांवर चिकटपट्टी लावायची. नवी पिशवी उबेत मऊ करून, घडी घालून आत सारायची आणि केवळ चाचपून एकेक बटण लावायचे. कारागिराची बोटे सोलून निघतात!

आमच्या मते खरे संकट गळतीचे नव्हे, सुरकुतीचे. बटण सुटले की पिशवीस सुरकुती पडते. पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते. ते सुरकुतीआड अडले, तर जमिनीवर तपासणीच्या तोटीतून बाहेर येत नाही, आणि विमान उडताना कलले की इंजिनात शिरून ते बंद पाडते. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने १९८४ साली या सुरकुत्यांच्या तपासणीचा हुकूमच काढला. त्यामुळे काम संपवण्यापूर्वी जाणता कारागीर विजेरी व आरसा घेऊन पिशवीचा तळ न्याहाळतो, आणि मगच पेट्रोल भरू देतो.