गोदाकाठची शाळा आणि खाडीचे शास्त्र

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीपासून समुद्र दूर आहे. आणि घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी तर त्र्यंबकेश्वराजवळच्या उगमापाशी अरबी समुद्रापासून अवघ्या 80 किलोमीटरवर असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ, कोरिंगाच्या कांदळवनात, नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी रोज दोनदा एकमेकांत मिसळते. जेथे भरतीचे पाणी नदीच्या पात्रात शिरते त्या भागाला भूगोलात नदीमुख खाडी म्हणतात. पैठणच्या जायकवाडी धरणात जो गाळ बसतो तो या मुखापर्यंत पोहोचत नाही, आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजण्यामागे धरणांत अडकलेला गाळ हे एक मोठे कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे खाडीचे शास्त्र हा केवळ कोकणातल्या मुलांचा विषय आहे, असे मानण्यास आधार नाही.

हे शास्त्र चित्रावरून शिकता येत नाही, कारण खाडीत कोणतीच गोष्ट सहा तास एकसारखी राहत नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण मुखापासून आत जाताना, भरतीपासून ओहोटीकडे आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्याकडे बदलत जाते. विद्यार्थ्याने क्षारतामापकाच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून, ते उपकरण उजेडाकडे धरून एकाच धक्क्यावर दर तासाला आकडा टिपला, तर त्याच्या वहीत उमटणारा आलेख कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक सांगून जातो. पाण्याचा गढूळपणा मोजण्याचे साधन तर याहून स्वस्त आहे. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की याने 1865 मध्ये वापरात आणलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची, एवढेच त्याचे तंत्र आहे. काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवलेली स्टीलची ताटली आणि गाठी मारलेली दोरी एवढ्या साहित्यावर ही मोजणी गोदावरीच्या घाटावरही, अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली, होऊ शकते.

महाराष्ट्रात अशा शिक्षणाची ठिकाणे आहेत. रत्नागिरीच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व संग्रहालय अनेक शाळांच्या सहलींत असते. राज्याच्या वन विभागाने 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि 2017 मध्ये ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झाले. तेथील ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य असून 2022 मध्ये तिचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. येथे तिवराच्या पानाच्या पाठीवर साचलेले मीठ जिभेला लावून पाहता येते, चिखलातून वर आलेली श्वासमुळे दिसतात आणि पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहून माशाची शाळेतली व्याख्या थोडी सैल करावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम 2017 पासून ओहोटीच्या वेळी सामान्य लोकांना खडकांतल्या डबक्यांजवळ नेऊन तिथले जीव दाखवीत आला आहे.

मात्र बहुतेक सहली रविवार पाहून ठरतात, पाणी पाहून नव्हे. बस दुपारी बाराला पोहोचते, समोर भरलेला समुद्र असतो आणि मुले भेळ खाऊन परततात. येथे शिक्षकाची तयारी निर्णायक ठरते, आणि ती तीर्थपुरीत बसूनही करता येते. काचेच्या बरणीत रंगवलेले मिठाचे पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या आधाराने हळूच साधे पाणी सोडले की गोडे पाणी वर तरंगते. खाडीच्या तळाशी खारे पाणी पाचरीसारखे आत कसे शिरते, ते यावरून उमगते. भरतीची वेळ काढण्यासाठी भिंतीवरचे पंचांग पुरते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि किनाऱ्यावरील जुन्या ठोकताळ्यानुसार तिथीची पाऊणपट केली की मुंबई-अलिबागकडील पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे हटत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा खडक सर्वांत जास्त उघडे पडतात.

तेव्हा जालन्याकडून किनाऱ्यावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी द्वितीया किंवा तृतीया निवडावी, आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचावे आणि निघण्यापूर्वी छापील भरती-कोष्टकाशी वेळ ताडून घ्यावी. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन होते, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास मिळते.