गाव कोणाचे, मत कोणाचे?

लंडनात नोकरीस गेलेला सोलापूरचा तरुण आपले भारतीय नागरिकत्व न सोडता तेथील नगरपालिकेच्या, इतकेच नव्हे तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. रीतसर परवान्यावर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांचा हा हक्क ब्रिटनने कायम ठेवला आहे. उलट बीडहून करमाळ्याकडे ऊस तोडायला आलेला मजूर या देशाचा जन्मापासूनचा नागरिक. पण ज्या शिवारात तो वर्षाचे पाच-सहा महिने काढतो, तेथील ग्रामपंचायतीत त्याला मत नाही. परकीयांना स्थानिक निवडणुकीत मत असावे काय, हा वाद जगभर चालू आहे. उजनीच्या काठी बसून तो पाहिला म्हणजे त्याला निराळेच रूप येते.

स्वीडनने १९७६ च्या निवडणुकीपासून तीन वर्षे वास्तव्य झालेल्या परदेशीयांना स्थानिक मत दिले. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ पासून शाळामंडळाच्या निवडणुकीत नागरिक नसलेले पालकही मत देतात. न्यूयॉर्क शहराने असाच कायदा केला, तो मात्र २०२५ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने रद्द ठरविला. या सर्वांमागचा विचार साधा आहे. परराष्ट्रधोरण ठरविणे निराळे आणि नळ, गटार, शाळा यांची व्यवस्था पाहणे निराळे. जो तेथे राहतो त्याला या व्यवस्थेत बोलता यावे.

आपल्याकडे कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नागरिक नसलेल्याचे नाव मतदारयादीत येत नाही, आणि ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी वापरतात. ही मर्यादा बदलावी असे मला वाटत नाही. परंतु त्याच कायद्यात ‘सामान्यतः रहिवासी’ असा एक शब्दप्रयोग आहे. काही काळ घर सोडून गेल्याने माणूस आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असे नव्हे, आणि एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असावे. नियम न्याय्यच आहे. पण त्यामुळे ऊसतोडणीवाल्याचे मत राहते बीडला आणि तो स्वतः असतो भीमेकाठी.

या काठाची कहाणीही ध्यानात घ्यावी. माढा तालुक्यात उजनीजवळ भीमा अडविली गेली. १९८० साली धरण पुरे झाले. सुमारे ११७ टी.एम.सी. पाण्याच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर आदी तालुक्यांतील गावे गेली. पाणी उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ अजून वर डोके काढते. घरेदारे गेलेली माणसे नव्या गावठाणांत आली आणि तेथली गावकरी झाली. त्यांच्या त्यागातून आलेल्या पाण्यावर ऊस वाढला, कारखाने उभे राहिले, आणि उसामागून कोयते आले. फडाजवळ कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पिण्याचे पाणी, आडोसा, मुलांची शाळा हे त्यांचे प्रश्न याच गावाच्या हद्दीत उभे राहतात. मात्र ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. तिथे ते कोणी नव्हेत.

पेशवाईतल्या गावात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, म्हणून गावच्या कारभारात त्याचा शब्द. उपरी कसायला आलेला, शब्दावाचूनचा. इंग्रजी अमदानीत मत मालमत्तेवर व करावर मोजले जाई. घटनेने ते सारे पुसून प्रौढ मताधिकार दिला. म्हणून “तो घरपट्टी कोठे भरतो?” ही हरकत मला पटत नाही.

दुसरी हरकत मात्र गंभीर आहे. हंगामापुरत्या आलेल्यांना इथे मत दिले तर ते मत खरोखर कोणाचे? मजुराने मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्याचे पाऊलही मोकळे नसते, मग मत कसे मोकळे राहील? एखाद्या छोट्या गावात चार टोळ्या उतरल्या तर निकाल मुकादम नाहीतर मळेवाला ठरवील, आणि धरणात एकदा सर्वस्व गमावलेल्या गावकऱ्यांच्या हातून आता पंचायतही जाईल. त्यांची ही भीती खोटी नाही. म्हणून येथे दुसरे मत देऊ नये, असेच मी म्हणेन.

पण मग त्याचे पहिले मत तरी शाबूत राहावे! २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, ऐन तोडणीच्या तोंडावर झाले. मतदानासाठी भरपगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आहे. पण टनावर मजुरी घेणाऱ्याला पगार कसला आणि सुट्टी कसली? निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. विरोधी पक्षांनी शंका काढल्या. शंका जरूर फेडाव्यात, पण त्या विचाराला मूठमाती देऊ नये. तोवर निवडणुकीच्या तारखा हंगाम पाहून तरी ठरवाव्यात.

आणि गावाने एवढे करावे: हंगाम सुरू होताच होणाऱ्या ग्रामसभेस कोप्यांतून दोन माणसे बोलवावीत, त्यांतील एक बाई असावी. त्यांना हात वर करण्याचा अधिकार नसेना का. टँकर कोठे उभा राहावा, मुलांना कोणत्या वर्गात बसवावे, रात्री दिवा कोठे लागावा, हे त्यांनी सांगावे आणि ते इतिवृत्तात उतरावे. असे बोलावणे धाडण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दिवाळी सरता सरता टोळ्या येऊ लागतात. आपल्या फराळातली साखर ज्यांच्या कोयत्यातून आली, त्यांना सभेत बसायला सतरंजीचा एक कोपरा द्यायला गावाचे काय जाते?