नाताळचे ताट

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ म्हणजे जन्म, यावरून मराठीत आला. जर्मनीने या सणाला सूचिपर्णी वृक्ष दिला, फिलिपिन्सने ताऱ्याच्या आकाराचा कंदील. इथिओपियात तो ७ जानेवारीस येतो. सण ज्या भूमीत वसतो, तिची चव आणि भाषा घेतो. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत गायिले. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. गोव्यातील नाताळच्या नेवऱ्या म्हणजे आपल्या दिवाळीच्या करंज्याच. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये मंगळुरी ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ‘कुस्वारा’चे ताट आले, तर त्यातील करंजी मराठी माणसाला ओळखीची वाटेल. ते ताट रिकामे परत धाडू नये, ही रीतही आपलीच आहे.