घरपट्टी नावावर चढली, घर नाही

“नोटरी केली, घरपट्टी नावावर चढवली. आता घराला हात लावायची कुणाची टाप आहे!” मालेगावात जुनं घर घ्यायला निघालेल्या नव्या जोडप्याला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी दलाल, कधी शेजारी, कधी मुलीचे मामा. कॅम्प-सोयगावकडच्या फ्लॅटचा हप्ता झेपत नाही, म्हणून ही मंडळी किल्ल्याच्या आसपास एखादं बंद पडलेलं घर हेरतात. धाब्यावर गवत उगवलेलं, एक खण खचलेला, पण भाव आवाक्यातला. दुरुस्तीला पैसे लागणारच, मग वाचवायचे कुठे? मुद्रांक शुल्कात. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२ चा. त्याचं ५४वं कलम म्हणतं, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. शंभर रुपये! आज तेवढ्यात दाराला धड कडीसुद्धा बसत नाही. म्हणजे दुय्यम निबंधकाकडे न नोंदवलेल्या कागदाने तुमचं घर तुमचं होतच नाही. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सही करणारा माणूस अमुकच होता. घर त्याच्या मालकीचं आहे का, हे तपासणं नोटरीचं कामच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “आम्ही कुलमुखत्यारपत्रही घेतलंय.” घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लॅम्प’ खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट सांगितलं की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी मिळत नाही. “पण ताबा आमच्याकडे आहे ना!” अपुऱ्या कागदावर ताबा घेतलेल्याला पूर्वी थोडंफार संरक्षण होतं. २४ सप्टेंबर २००१ पासून त्यासाठीही करार नोंदवलेला लागतो. त्यामुळे तुम्ही गिलावा करून, फरशी बसवून घर उभं करायचं, आणि मूळ मालकाने तेच घर दुसऱ्याला रीतसर दस्ताने विकायचं, असं खुशाल होऊ शकतं. कोर्टात नोंदवलेला दस्त वरचढ ठरतो. तुमच्या हाती उरतो तो पैसे परत मिळवण्याचा दावा आणि वकिलाची फी.

आता घरपट्टी. महापालिकेला कर हवा असतो. तो कुणाकडून घ्यायचा, यासाठी ती नाव लावते. मालकी ठरवणं तिचं काम नव्हे. महसुली फेरफाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘सावर्णी’ खटल्यात म्हटलं की फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. तरी लोक घरपट्टीची पावती लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि मूळ खरेदीखत कुठे आहे, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ही सवय आली कुठून, तेही समजून घ्यायला हवं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याने जमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे विकण्यावर बंदी घातली. राज्यभर शहरांच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, त्यांचे दस्त नोंदवले जाईनात, म्हणून नोटरीची वाट रूढ झाली. पण जुन्या गावठाणातल्या घराला ही अडचण नसते. तिथे नोटरीवर भागवणं ही निव्वळ चालढकल.

बरं, वाचतं किती? वीस लाखांचं घर धरा. मालेगावात मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, आणि नोंदणी फी वीस हजार. एकूण एक लाख चाळीस हजार. एवढ्यासाठी वीस लाख टांगणीला लावायचे?

दस्त नोंदवला म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. आणि घर ओस पडलंय याचं कारण बहुधा वारसांत असतं. एक भाऊ इथे, एक नाशिकला, बहिणी सासरी. ताबा असलेला भाऊ म्हणतो, “बहिणींचं काही नाही हो.” असतं. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्यासाठी हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे ‘विनीता शर्मा’ निकालाने २०२० मध्ये पक्कं केलं. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, आणि विधवेचाही ठरलेला हिस्सा असतो. म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्या, मिळकत पत्रिका पाहा आणि प्रत्येक वारसाची सही दस्तावर घ्या. कोऱ्या कागदावरची संमती चालणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

बारा वर्षं राहिलं की घर आपलं : मालकाच्या परवानगीने किंवा भाड्याने राहिलेली वर्षं त्यात धरत नाहीत.

घर घेतलं की जुना भाडेकरू आपोआप निघतो : निघत नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी असतो.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ती पक्की होते : उलट ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून भुसभुशीत होत जाते. तिला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा द्या. आणि त्याआधी धाब्याची गळती थांबवा.

नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की महिला सवलत मिळते : एक टक्क्याची ही सवलत खरेदीदार फक्त महिला असतील तरच मिळते. वरच्या हिशेबात घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर वीस हजार वाचतात, आणि तेही कायद्याने.

जुनी थकबाकी जुन्या मालकाची : घरपट्टीचा बोजा मिळकतीवर असतो. विजेबाबतही, नियमांत तरतूद असेल तर नव्या मालकाकडून मागची थकबाकी मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं आहे. मालेगावात मार्च २०२० पासून वीज पुरवठा फ्रँचायझी कंपनीकडे आहे. सौद्याआधी तिच्या कचेरीत ग्राहक क्रमांक दाखवून बाकी शून्य असल्याचं लेखी घ्या, आणि बाकी निघालीच तर ती विकणाऱ्याच्या रकमेतून वळती करा.